पाचवीचा विळा

"आरोपी महिलेने मयत इसमास घरात येण्यास वाव मिळावा म्हणून पुढील दरवाजा हेतुपुरस्सर उघडा ठेवला, त्यास पळून जाता येऊ नये म्हणून मागील दरवाजा आतून कडी लावून बंद केला, मयतास 'या' असे म्हणून घरात बोलाविले, धारदार हत्यार बाजेवरील अंथरुणाखाली आगाऊ लपवून ठेवले, सदर हत्याराची हळदकुंकू वाहून पूजा केली, आणि मयत पाठमोरा असताना त्याच्या मानेवर वार करून त्यास जिवे ठार मारले. सबब सदरचा खून पूर्वनियोजित आहे. खुनाचे कारण: अज्ञात."

हा मजकूर दोषारोपपत्रातला आहे. ते ज्या ठाण्यात तयार झाले त्याचे नाव मी लिहीत नाही. ते कोणतेही ठाणे असू शकले असते, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. या मजकुराची थोरवी अशी की, शेवटची दोन वाक्ये आणि मधले 'म्हणून' वगळले तर त्यातले प्रत्येक विधान खरे आहे. पुढचे दार उघडे होते. मागचे बंद होते. रंगुबाई 'या' म्हणाली होती. विळा अंथरुणाखाली होता, त्याच्यावर हळदकुंकू होते, आणि जखम मानेच्या मागच्या बाजूला होती. इतकी सत्ये एका ओळीत उभी करून त्यांच्याकडून इतके मोठे असत्य वदवून घ्यायचे, यासाठी प्रशिक्षण लागत नाही. फक्त आपल्या घरात काय चालते हे कचेरीच्या उंबऱ्याबाहेर ठेवून यावे लागते.

मी तीसेक वर्षे फौजदारी कायदा शिकवला. आत्मसंरक्षणाच्या हक्काची कलमे मला झोपेतही म्हणता येतात. नव्या संहितेत त्यांचे आकडे बदलले, आशय बदलला नाही. रंगुबाईचे वकीलपत्र घेतलेला अजिनाथ हा माझा जुना विद्यार्थी. त्याने कागद पाठवले आणि एक टिपण मागितले. मी ते वाचले, आणि अनेक वर्षांनी मला राग आला. रागात मी वाईट लिहीत नाही.

घडले ते असे. कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या अंगाला, उसाच्या दोन फडांमध्ये रंगुबाईची वस्ती आहे. ती साठीची, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. मुलगा कल्याण आणि सून रोहिणी शेती बघतात. मुलगी सुकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. बाळ दवाखान्यात झाले, मुलगी झाली, सगळे घरी आले, आणि मार्गशीर्षातल्या त्या दिवशी बाळाची पाचवी होती. सटवाई त्या रात्री येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, म्हणून पाटावरवंट्याची पूजा मांडतात, दिवा विझू देत नाहीत, आणि पूजेत ठेवलेले लोखंड नंतर बाळंतिणीच्या उशाखाली सारतात. आजूबाजूच्या बायका दुपारीच हळदकुंकू लावून गेल्या होत्या. सुकन्याच्या सासरची माणसे राहुरीला एसटीने यायची होती. कल्याण आणि रोहिणी त्यांना आणायला गेले होते. घरात रंगुबाई, सुकन्या आणि पाच दिवसांची मुलगी.

दिवेलागणीला रंगुबाईने तुळशीपुढे दिवा लावला, पुढचे दार सताड उघडले, मागच्या दाराला कडी घातली आणि आत येऊन पाट्यापुढच्या समईत तेल घातले. एवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. तिला वाटले व्याही आले. ती पदर सावरीत पुढे झाली आणि म्हणाली, "या."

आलेले दोघे व्याही नव्हते. एक, कानिफनाथ नावाचा, दारातच गाडीपाशी थांबला. दुसरा आत आला. त्याचे नाव वाल्मिक. त्याच्या हातात सुरी होती. त्याने रंगुबाईला बाजेच्या पायथ्याशी बसवले आणि सुकन्याच्या गळ्यातली सोन्याची पोत काढून घेतली. सुकन्याने लेकराला पोटाशी घेऊन गोधडी डोक्यावरून ओढली. त्यानंतर तिने काही पाहिले नाही आणि, बाळ टाहो फोडत असल्यामुळे, काही ऐकलेही नाही. तिने गोधडी बाजूला केली तेव्हा वाल्मिक पाट्यावर पालथा पडलेला होता आणि तिची आई हातात विळा घेऊन उभी होती. बाहेरची गाडी निघून गेली होती.

याला लूट म्हणतात, जबरी चोरी म्हणतात, घरफोडी म्हणतात. खून म्हणायला मोठी प्रतिभा लागते. ती कुठून आली याचेही उत्तर अवघड नाही. त्या हिवाळ्यात उसाच्या पट्ट्यातल्या वस्त्यांवर चोरट्यांची इतकी धास्ती होती की पोरे काठ्या घेऊन गस्त घालत होती आणि आकाशात दिवा हलला तरी भोंगा वाजवत होती. ठाण्याने पत्रक काढून कळवले होते की अशी कोणतीही टोळी अस्तित्वात नाही, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. अस्तित्वात नसलेल्या टोळीतला एक माणूस चार दिवसांत पाट्यावर मरून पडला. आता एकतर पत्रक खोटे ठरवायचे किंवा म्हातारी. म्हातारीला पत्रक काढता येत नाही.

मग तिची कबुली नोंदवली गेली. "मी सदर इसमास जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने पूर्वतयारीनिशी हल्ला चढविला," असे ती म्हणाली असे त्यात आहे. रंगुबाईने जन्मात 'सदर' हा शब्द उच्चारलेला नाही, 'हल्ला चढविणे' तर सैन्याने करायचे असते. पोलिसापुढच्या कबुलीला कायदा पुरावा मानत नाही, हे कबुली लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी ती लिहिली जाते, कारण वर्तमानपत्रे कायद्याने बांधलेली नसतात. दुसऱ्या दिवशी 'गुन्हा उघडकीस, महिला अटकेत' असे छापून आले. रंगुबाई पावसाळा लागेपर्यंत तुरुंगात होती. नातीचे बारसे तिच्यावाचून झाले. मग जामीन मिळाला.

खटला सुरू झाला तेव्हा दारांचा प्रश्न अजिनाथने तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत पाच मिनिटांत संपवला. मी मागच्या बाकावर होतो. माझा हा विद्यार्थी वर्गात कधी चमकला नव्हता, त्या दिवशी मात्र त्याने आवाज न चढवता विचारले, "साहेब, आपल्या घरी दिवे लागताना पुढचं दार कसं असतं?"

"उघडं."

"आणि मागचं?"

"बंद."

"कुणाला कोंडण्यासाठी?"

त्याने न्यायाधीशांकडे पाहिले. न्यायाधीश खाली काहीतरी वाचत होते. "लक्ष्मी पुढून येते. मागून जाऊ नये म्हणून," तो म्हणाला. कोर्टात हसे पिकले. शिपाई हसला, सरकारी वकीलही हसले.

"तुमच्या मुलाच्या पाचवीला उशाखाली काय ठेवलं होतं?"

"मी ड्युटीवर होतो."

"वहिनींना विचारून उद्या सांगितलं तरी चालेल," अजिनाथ म्हणाला आणि खाली बसला.

बाकीचे असेच गळून पडले. प्रयोगशाळेने विळ्यावर रक्ताव्यतिरिक्त 'हळद व कुंकूसदृश पदार्थ' असल्याचा अहवाल दिला होता आणि तपासाने त्यातून शस्त्रपूजन सिद्ध केले होते. जिल्ह्यातली प्रत्येक बाळंतीण या हिशेबाने सशस्त्र कटाची सूत्रधार ठरते. 'या' म्हटल्यामुळे वाल्मिक हा आमंत्रित पाहुणा होता, सबब त्याचा प्रवेश बेकायदा नव्हता, आणि उघड्या दारातून आला म्हणून घर फुटले नाही, असा सरकारी युक्तिवाद होता. त्याला उत्तर सोपे होते: जबरी चोरीला दाराची अटच नाही, आणि ज्याला सुरी दाखवली जाते त्याला जीव घेण्यापर्यंतचा हक्क कायदा स्पष्ट शब्दांत देतो. पोत मृताच्या खिशात सापडली होती. ती मुद्देमालात होती, दोषारोपपत्रातल्या कथेत नव्हती.

उरली एकच गोष्ट, ती जखम. शवविच्छेदनात ती मानेच्या मागच्या बाजूला, वरून खाली आलेली होती. पाठमोऱ्या माणसापासून कोणाला धोका असतो, हा सरकारी वकिलांचा एकमेव शहाणा प्रश्न होता. धोका संपला की हक्क संपतो. पळणाऱ्याला मारणे हा सूड असतो, संरक्षण नसते. हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे.

हा प्रश्न येणार हे ओळखून मी आणि अजिनाथ खटला सुरू होण्याआधीच वस्तीवर गेलो होतो. बाळंतिणीची खोली लहान आहे. भिंतीला लागून बाज, तिच्या पुढ्यात, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, त्या रात्री पाटा मांडलेला होता. ती जागा रंगुबाईने पायाच्या अंगठ्याने दाखवली. मी बाजेच्या पायथ्याशी बसलो, तिथून पाहिले, आणि मला सगळे दिसले. वाल्मिक बाजेवर वाकला असला पाहिजे. सुकन्याच्या अंगावर आणखी काही आहे का हे पाहण्यासाठी, किंवा गोधडी ओढण्यासाठी, किंवा लेकरासाठी. वाकलेल्या माणसाची पाठ पायथ्याशी बसलेल्या बाईकडे असणारच. वार वरून खाली येणारच. सुरी मृताच्या हातात न सापडता पाट्याशेजारी जमिनीवर सापडली होती. ती वार बसताच हातातून गळली. त्याच्या कपाळावर कुंकू होते. तो पाट्यावर कोसळताना लागले. माझ्या सिद्धान्तात एकही पुरावा बाहेर उरत नव्हता. चांगल्या सिद्धान्ताची हीच खूण असते असे मी मानतो.

मी रंगुबाईला विचारले, "तो बाजेवर वाकला होता ना?"

ती त्या पाट्याच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती. म्हणाली, "वाकला हुता."

अजिनाथने ते लिहून घेतले. रंगुबाई चहा टाकायला उठली. लेकरू आता रांगत होते; ते तिच्या मागोमाग उघड्या मागच्या दाराकडे चालले होते, रोहिणीने त्याला उचलून आणले. त्या घटनेनंतर मागचे दार दिवसभर उघडेच असते असे ती म्हणाली. सासूबाईच बंद करू देत नाहीत.

डॉक्टरांनी साक्षीत मान्य केले की वाकलेल्या स्थितीत अशी जखम होऊ शकते. नंतर पकडला जाऊन सरकारी साक्षीदार झालेल्या कानिफनाथला अजिनाथने सुचवले की तुझा जोडीदार लेकरावर झडप घालत होता. तो म्हणाला, मी बाहेर होतो, मला दिसले नाही. एवढे पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर ते फिरले: नवजात बाळावर झडप घालणाऱ्या दरोडेखोराला आजीने यमसदनी धाडले. चौकात रंगुबाईचा फलक लागला. त्यावर तिचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला होता, बाजूला तीन पुढाऱ्यांचे फोटो, आणि वर 'रणरागिणी'. ज्या गावाने ती तुरुंगात असताना तिच्या उसाला पाणी धरायला माणूस दिला नव्हता, ते गाव आता तिचा सत्कार करणार होते. रंगुबाईने कल्याणला फलक उतरवायला सांगितला. तो म्हणाला, आई, आता पुढाऱ्यांचे फोटो आहेत त्यावर, कसा उतरवायचा? त्याचे म्हणणे व्यवहाराचे होते.

कोर्टाच्या व्हरांड्यात सावलीत असे एकच बाक आहे. त्यावर प्रत्येक तारखेला दोन बाया बसत. एका टोकाला रंगुबाई, दुसऱ्या टोकाला छबूबाई, वाल्मिकची आई. ती जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातून, दोन एसट्या बदलून यायची. तिकडची निम्मी माणसे दसऱ्यानंतर ऊस तोडायला बाहेर पडतात; तीही आयुष्यभर गेली होती. फिर्याद तिची नव्हती, तिला साक्षीला बोलावलेले नव्हते, तिचे कोर्टात काहीही काम नव्हते. तरी ती यायची आणि आतले बोलणे दारातून ऐकायची. दोघींमध्ये कधी शब्द झाला नव्हता.

झडपेची बातमी फिरली त्यानंतरच्या तारखेला मी त्या बाकाच्या मागे, खिडकीपाशी उभा होतो. छबूबाईने तोंडातली मिश्री थुंकून टाकली, पदराने ओठ पुसले आणि समोर बघतच बोलायला सुरुवात केली.

"बाई, येक इचारू का?"

रंगुबाई थोडी सरकली. तेवढीच जागा होती.

"चोर व्हता माजा वाल्मिक. लोक चोर म्हंत्यात तर म्या कान झाकीत न्हाय. त्याच्या बापानं बी त्याला घरात घ्यायचं सोडलं व्हतं. पर आता म्हंत्यात लेकरावर झडप घातली. शाळंतली पोरं बी म्हंत्यात. त्याच्या भैनीच्या पाचवीला त्यो सारी रात दिव्याला तेल घालीत बसला व्हता. एवडंसं पोरगं. म्या म्हनलं झोप, तर म्हनला, सटवाईला दिसाया नगं का? त्यो लेकरावर हात टाकील व्हय, बाई? तू व्हतीस तितं. तूच सांग."

रंगुबाईने पिशवीतली पाण्याची बाटली काढून दोघींच्या मध्ये ठेवली. छबूबाईने ती उचलली नाही, परतही केली नाही. मग आतून पुकारा झाला.

त्या दिवशी परत जाताना अजिनाथच्या गाडीत रंगुबाई मागे बसली होती. राहुरी मागे पडली तशी ती पुढे सरकली. मग म्हणाली, "मास्तर, कागदात बाजंकडं वाकला असं लिवलंय का?"

मी हो म्हणालो.

"ते कुनी सांगितलं?"

"तुम्हीच. मी विचारलं, तो वाकला होता का, तुम्ही हो म्हणालात."

"वाकला हुता म्हनले. बाजंकडं तुमी म्हनलात."

अजिनाथने गाडी कडेला घेतली. मी तिला जे सांगितले ते मी आजही सांगेन. पुढच्या तारखेला न्यायाधीश तिला प्रश्न विचारतील. तो जबाब शपथेवर नसतो. गप्प राहण्याचा तिला हक्क आहे आणि गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. तिने फक्त म्हणायचे: मी निर्दोष आहे, मला आणखी काही सांगायचे नाही. दुसरी बाजू आधीच कोसळलेली आहे. ती घरी जाईल. मी हे तीन वेळा, तीन प्रकारे सांगितले. ती ऐकत होती. विद्यार्थी ऐकतात तशी नव्हे, पाऊस थांबण्याची वाट बघणारा माणूस पावसाचा आवाज ऐकतो तशी.

"आन् त्या बाईच्या पोराचं?" ती म्हणाली.

अजिनाथ मागे वळला. "मावशी, तो मेला. मेलेल्याला शिक्षा नसते."

"त्याच्या आईला हाय की."

"मावशी, पोत नेली असती आणि लेकही मारली असती त्यानं, तर ही बाई तुमच्यासाठी दोन एसट्या बदलून आली असती का?"

"न्हाई," रंगुबाई म्हणाली. "ती कशाला येईल? तिनं कुटं मारलंय कुनाला."

अजिनाथने गाडी पुन्हा सुरू केली. वस्ती आली तेव्हा साक्षीसाठी सासरहून आलेली सुकन्या आईला घ्यायला रस्त्यापर्यंत आली. अजिनाथने तिला बाजूला घेऊन समजावले. सुकन्या त्या रात्री आईशी बोलली, कल्याण बोलला, रोहिणी बोलली. कल्याणने शेवटी नातीची शपथ घातली. मला नंतर कळले की नातीची शपथ घातल्यावर रंगुबाई एकदम शांत झाली आणि सगळ्यांना वाटले आता मिटले. वास्तविक त्याने नेमकी उलट शपथ घातली होती. सटवाईने ज्या पाट्यापुढे त्या पोरीचे नशीब लिहिले, त्या पाट्यापुढे काय झाले याबद्दल खोटे राहू देण्यासाठी त्या पोरीलाच वेठीला धरायचे, हे कल्याणला सुचले. त्याच्या आईला ते कसे ऐकू आले असेल हे त्याला सुचले नाही.

जबाबाच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. फलकवाले आले होते. छबूबाई दारात होती. न्यायाधीशांनी एकेक पुरावा सांगून विचारले, याबद्दल तुमचे काय म्हणणे आहे. रंगुबाई 'खरं हाय' किंवा 'खोटं हाय' म्हणत गेली. दार उघडे ठेवले? खरं हाय. मारण्यासाठी ठेवले? खोटं हाय. लेखनिक टंकत होता. शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे का? अजिनाथ अर्धा उठला होता, तिच्या वतीने नाही म्हणायला. तिने हात वर करून त्याला बसवले.

ती बोलू लागली तेव्हा लेखनिकाने सवयीने पहिले वाक्य सुधारून घेतले. न्यायाधीशांनी त्याला थांबवले आणि बाईंचे शब्द आहेत तसे घ्या असे बजावले. या संपूर्ण प्रकरणात सरकारी यंत्रणेने केलेली ही एकमेव अचूक कृती आहे, आणि तिनेच रंगुबाईला बुडवले.

निकाल लागला. निकालपत्राची पहिली वीसेक पाने मी लिहिली असती तर याहून निराळी लिहिली नसती: दार ही प्रथा आहे, विळा ही प्रथा आहे, पूजा हे शस्त्रपूजन नव्हे, 'या' हे आमंत्रण चुकीच्या माणसाला गेले, तपास पूर्वग्रहदूषित आहे, खुनाचा आरोप टिकत नाही. मग एक परिच्छेद येतो. त्यात म्हटले आहे की, आरोपीच्या स्वतःच्या कथनानुसार वाराच्या क्षणी धोका प्रत्यक्ष उपस्थित नव्हता. सबब तिने संरक्षणाच्या हक्काची मर्यादा ओलांडली. सबब सदोष मनुष्यवध. शिक्षा कमी झाली असे सगळे म्हणतात. कमी म्हणजे नात शाळेत जाऊ लागेल तेव्हा ती सुटेल. अपील केले आहे. दारात उभा असलेला दुसरा माणूस, बाजेवरची बाळंतीण, उघड्या डोळ्यांसमोरची सुरी, धोका मोजायला कोणते वजनमाप लागते, हे सगळे मी त्यात लिहिले आहे. दरोडेखोर किती वेळ सभ्य राहिला की निरुपद्रवी ठरतो, हे कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही, आणि खालच्या कोर्टाने ते एका परिच्छेदात ठरवून टाकले. अपिलाची तारीख लागलेली नाही. चौकातला फलक मात्र त्याच रात्री उतरला. पुढाऱ्यांच्या फोटोंची अडचण कुणाला आली नाही.

दोषारोपपत्रातले प्रत्येक विधान खरे होते, हे मी वर म्हटले आहे. आमच्या बचावातलेही प्रत्येक विधान खरे होते. तो वाकला होता, सुरी जमिनीवर होती, कपाळावर कुंकू होते. खटल्याच्या कागदांत तिसरे म्हणणे रंगुबाईचे, ते एवढेच आहे. त्यात मी काना-मात्रा बदललेली नाही.

"त्यो वाकला हुता ते खरं हाय. पर बाजंकडं न्हाई. पोत त्यानं खिशात घातली आन् जायाला वळला, तर म्होरं पाटा दिसला तसा थांबला. पाचवी हाय व्हय, म्हनला. मी व्हय म्हनले. मग त्यानं सुरी भुईवर ठिवली, हात जोडले आन् पाट्यावर डोस्कं टेकलं. लेकराला त्यानं हात लावला न्हाई. हे त्याच्या आईनं ऐकावं म्हनून सांगते. मला दिसत हुतं त्यो पाया पडतोय. म्या तवाच हात लांबवून उशाखालचा इळा वडला आन् मारला. उठून गेला असता का परत सुरी घेतली असती, ते मला ठावं न्हाई. बघाया मी थांबले न्हाई. लई भ्याले हुते. पर त्यो वाकला म्हनूनच मारलं. उभा असता तर माझा हात उठला नसता."